मानेवरचा तो मळ नव्हता: एका सल्फेटचं प्रकरण

"दादा, अजून किती घासू रे याला?"

बहिणीचा हा फोन मला जसाच्या तसा आठवतो. भाचा तेव्हा 7 वर्षांचा. शाळेतून वहीत चिठ्ठी आली होती की मुलाच्या मानेवर आणि पायांवर मळ असतो, रोज स्वच्छ अंघोळ घालून पाठवत जा. ती बिचारी दिवसातून दोनदा अंघोळ घालत होती, साबण लावून खरखरीत कापडानं मान घासून घासून लाल करत होती, पोरगं रडायचं, मग तीही रडायची, आणि दोन दिवसांत मान परत तपकिरी. घरातले लोक तोंडावर काही बोलत नव्हते पण त्यांच्या नजरेत काय आहे ते तिला कळत होतं, की आईचं लक्ष नाही.

मी बायोकेमिस्ट्री शिकवतो. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातली लिपिडं, म्हणजे चरबीसारखे पदार्थ, हा माझा आवडीचा टॉपिक, दरवर्षी फळ्यावर काढतो. हे सगळं प्रकरण बहिणीच्या परवानगीनं लिहितोय, नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

त्याला भेटायला गेलो तेव्हा आधी नीट पाहिलं. पोटऱ्यांवर, मांड्यांवर, कमरेच्या बाजूंना मोठे गडद तपकिरी खवले, कडा स्पष्ट, बहुकोनी, घट्ट चिकटलेले. मानेच्या बाजूला आणि कानांपुढे तेच पण बारीक. चेहरा जवळजवळ स्वच्छ. कोपराची आणि गुडघ्यामागची घडी बऱ्यापैकी मऊ. तळहात तर एकदम नॉर्मल, रेषा नेहमीसारख्या. खाज फारशी नाही, लाली नाही (घासलेली जागा सोडून), पाणी येत नाही. बहीण म्हणाली की 4-5 महिन्यांचा असल्यापासून असंच आहे, कोरड्या थंड हवेत वाढतं, उन्हाळ्यात पुष्कळ कमी होतं.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी "ड्राय स्किन आहे, मॉइश्चरायझर लावा" आणि दुसऱ्या ठिकाणी एक्झिमा समजून स्टेरॉइडचं क्रीम दिलेलं, त्यानं काही फरक पडला नव्हता. पडणारही नव्हता, कारण स्टेरॉइड क्रीम दाह शमवतं आणि इथे दाह हा मूळ प्रॉब्लेमच नव्हता. तळहाताच्या रेषा खोल आणि जास्त असत्या तर मी फिलाग्रिन या कातडीतल्या प्रोटीनच्या दोषामुळे होणाऱ्या कॉमन इक्थिओसिसचा (इक्थिओसिस म्हणजे कातडीवर खवले येण्याचा आजार) विचार आधी केला असता, घड्यांमध्ये खाजरी लाल कातडी असती तर एक्झिमाचा. दोन्ही बसत नव्हतं.

मग मी बहिणीला एक प्रश्न विचारला जो तिला फारच विचित्र वाटला. म्हटलं, याच्या वेळची डिलिव्हरी कशी झाली होती ते परत सांग. तारीख उलटून गेली, कळा येईनात, औषधं देऊन कळा आणायचा प्रयत्न केला तरी गर्भाशयाचं तोंड उघडेना, शेवटी सिझेरियन. एवढं मला माहीत होतं, तेव्हा मी बाहेरच बसलो होतो. पण तिनं जुनी फाइल काढली तर गरोदरपणातल्या रक्ताच्या स्क्रीनिंग रिपोर्टात एस्ट्रिऑल हे गरोदरपणातलं हार्मोन अगदी तळाला होतं. सोनोग्राफी व्यवस्थित, बाळाची वाढ व्यवस्थित, त्यामुळे ती गोष्ट तिथेच राहून गेली. धाकट्या भाचीच्या वेळच्या रिपोर्टात मात्र तोच आकडा नॉर्मल होता.

ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझी जवळजवळ खात्रीच पटली. मुलाच्या पायावरचे खवले आणि सात वर्षांपूर्वी न उघडलेलं गर्भाशयाचं तोंड, या दोन्हीच्या मागे एकच एन्झाइम असू शकतं.

आता हे समजायला आधी नॉर्मल कातडीत काय होतं ते सांगावं लागेल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण खरी मजा इथेच आहे.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम. जाडी बऱ्याच ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर, साधारण 15 ते 20 चपट्या पेशींच्या चळती. या पेशी मेलेल्या असतात असं आपण पटकन म्हणून टाकतो, पण मरायच्या आधी त्या जे करतात ते दुसऱ्या कुठल्या पेशी क्वचितच करत असतील. शरीरातल्या बाकी पेशींभोवती फॉस्फोलिपिडचं दुहेरी पटल असतं, मऊ, प्रवाही. कातडीच्या पेशी खालून वर सरकत येतात, आणि सगळ्यात वर पोचायच्या अगदी आधी, ग्रॅन्युलर थरात, ते पटल चक्क मोडीत काढतात. पटलाच्या आतल्या बाजूला ट्रान्सग्लुटामिनेज नावाची एन्झाइमं इन्व्होल्युक्रिन, लोरिक्रिन असल्या प्रोटीनांना एकमेकांत टाके घालून एक टणक कवच बनवतात, आणि त्या कवचाच्या बाहेरून सिरामाइड नावाच्या लिपिडाचे खूप लांब शेपटीचे खास रेणू पक्क्या रासायनिक बंधानं जोडले जातात. म्हणजे जुनं पटल गेलं, त्याच्या जागी प्रोटीनचं कवच आणि त्यावर लिपिडचा अस्तर.

त्याच वेळी पेशी आपल्या आतल्या छोट्या पुड्या, लॅमेलर बॉडीज, बाहेर रिकाम्या करते. त्यात लिपिडांचा कच्चा माल असतो आणि त्याच पुडीत तो माल तयार करणारी एन्झाइमंही असतात. ग्लुकोसिलसिरामाइडची साखर तोडली की सिरामाइड, स्फिंगोमायेलिनचं डोकं तोडलं की सिरामाइड, फॉस्फोलिपिड तोडलं की फॅटी अ‍ॅसिड. सगळं काम पेशीच्या बाहेर, दोन पेशींच्या मधल्या फटीत, आम्लधर्मी वातावरणात चालतं (त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो तो उगाच नाही). शेवटी त्या फटीत सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी फॅटी अ‍ॅसिडं रेणूंच्या संख्येनं जवळजवळ समान प्रमाणात उरतात, फॉस्फोलिपिड नावालाही नाही, आणि हे तिघं मिळून एकावर एक पापुद्रे रचतात. पाणी आत अडवून ठेवतात ते हे पापुद्रे. विटांच्या भिंतीची उपमा सगळीकडे देतात, पेशी म्हणजे विटा आणि लिपिड म्हणजे मधला चुना, ती बरोबरच आहे, फक्त ही भिंत रोज खालून नवी बांधली जाते आणि वरून रोज एक थर सोडून देते.

आणि तो सोडून देण्याचा भाग आमच्या प्रकरणात बिघडला होता.

विटा एकमेकांना नुसत्या लिपिडानं चिकटलेल्या नसतात, कॉर्नियोडेस्मोसोम नावाचे प्रोटीनचे रिव्हेट असतात त्यांच्यात. पेशी वर सरकते तसे हे रिव्हेट हळूहळू कापले जातात, कापणारी एन्झाइमं म्हणजे कॅलिक्रिन 5, कॅलिक्रिन 7 वगैरे सेरीन प्रोटिएजेस. पूर्ण कापले गेले की पेशी सुटी होते आणि आपल्याला न दिसता गळून पडते. थर वर येऊन गळायला साधारण दोन आठवडे लागतात. घाई झाली तर भिंत पातळ पडेल, उशीर झाला तर थरांवर थर साचतील. म्हणजे कात्रीला लगाम पाहिजे.

त्यातला एक लगाम म्हणजे कोलेस्टेरॉल सल्फेट. कोलेस्टेरॉलच्या 3 नंबरच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल असतो, त्यावर सल्फेट बसवला की झालं. पेशी खालच्या थरांत असताना सल्फोट्रान्सफरेज हे काम करतं आणि ग्रॅन्युलर थरात या रेणूचं प्रमाण एकूण लिपिडाच्या 5 टक्क्यांच्या आसपास जातं. सल्फेटवर ऋण भार, त्यामुळे हा रेणू साध्या कोलेस्टेरॉलसारखा पापुद्र्यात शांत बसत नाही. तो कॅलिक्रिनला अडवून धरतो. पुढे पेशी वर सरकते तसं दुसरं एन्झाइम, स्टेरॉइड सल्फटेज, तो सल्फेट उडवतं, कोलेस्टेरॉल मोकळं होतं, आणि वरच्या थरात हे प्रमाण 1 टक्क्यावर येतं. एका दगडात दोन कामं, भिंतीला कोलेस्टेरॉल मिळालं आणि कात्रीचा लगाम सुटला. मला हे फार सुंदर वाटतं, इतकी वर्षं शिकवूनही.

आता स्टेरॉइड सल्फटेजच नसेल तर? कोलेस्टेरॉल सल्फेट साचत जाऊन वरच्या थराच्या लिपिडात 10-12 टक्क्यांपर्यंत पोचतं. कात्री अडलेलीच राहते, रिव्हेट तुटत नाहीत, पेशी गळत नाहीत, थरांवर थर चढतात आणि जाड, गडद खवले दिसतात. दुसरीकडे कोलेस्टेरॉल कमी पडतं, आणि तेही दोन वाटांनी: एक तर सल्फेट उडवून जे मिळायचं ते मिळत नाही, आणि वर कोलेस्टेरॉल सल्फेट हे पेशीच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉल कारखान्यातलं मुख्य एन्झाइम, एचएमजी-सीओए रिडक्टेज, दाबून ठेवतं. तीन लिपिडांचं प्रमाण बिघडलं की पापुद्रे सलग राहत नाहीत, मध्ये मध्ये वेगळे कप्पे पडतात आणि तिथून पाणी झिरपतं. म्हणजे भिंत जाड पण गळकी. प्रयोगात उंदरांच्या चांगल्या कातडीवर नुसतं कोलेस्टेरॉल सल्फेट चोळलं तरी खवले येतात हे दाखवून झालंय, त्यामुळे हा रेणू निव्वळ साक्षीदार नाही हे नक्की.

या आजाराचं नाव एक्स-लिंक्ड इक्थिओसिस. आणि डिलिव्हरीचा संबंध असा की हेच एन्झाइम वारेतही लागतं. बाळाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सल्फेट लावलेलं स्टेरॉइड बनवतात, वारेतलं सल्फटेज तो सल्फेट काढतं आणि मग त्याचं एस्ट्रिऑल होतं. वार बाळाच्याच जीन्सची असते, त्यामुळे बाळात एन्झाइम नसेल तर वारेतही नाही, एस्ट्रिऑल तळाला, आणि काही बायकांमध्ये गर्भाशयाचं तोंड वेळेवर मऊ होत नाही. गंमत म्हणजे वारेतली ही कमतरता 1969 मध्येच लिहिली गेली होती, पण कातडीच्या या आजाराशी तिची गाठ बसायला 1978 उजाडलं. नऊ वर्षं एकाच एन्झाइमचे दोन धागे दोन वेगळ्या डिपार्टमेंटमध्ये पडून होते. आमच्या घरात सात वर्षं पडून होते.

आणि खरं सांगायचं तर सात नाही, खूपच जास्त.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. कितीही उकडलं तरी. पायांवर त्यांच्या तसलेच खवले होते, आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि "अण्णांची कातडीच तशी" यापलीकडे कोणी कधी काही बोललं नाही. मी हा आजार वर्गात शिकवला, वंशावळीचा चौकोन-गोल काढून दाखवला, आणि अण्णांचे पाय माझ्या डोक्यात आले नाहीत. ते आता नाहीत. त्यांना सांगता आलं असतं की यात तुमची काही चूक नाही आणि लपवण्यासारखं तर काहीच नाही, हे मला फार लागलं.

वंशावळ आता बघा किती सरळ बसते. या एन्झाइमचा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, एक्सच्या आखूड बाहूच्या टोकाजवळ. अण्णांचा एकमेव एक्स सदोष. मला त्यांच्याकडून वाय मिळाला, म्हणून माझी कातडी साफ आणि माझ्या मुलांनाही धोका नाही. बहिणीला त्यांचा एक्स मिळणारच होता, ती वाहक, पण तिचा दुसरा एक्स चांगला असल्यामुळे तिला काही त्रास नाही. (हा जीन बायकांमध्ये बंद पडणाऱ्या दुसऱ्या एक्सवरही बराचसा चालू राहतो, पण वाहक बाईकडे चालणारी प्रत एकच, तेवढी तिच्या कातडीला पुरते.) तिच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, भाच्याच्या वाट्याला तो एक्स आला.

बहिणीला हे सांगताना मी जरा घाबरलो होतो, वाटलं आता "माझ्यामुळे झालं" हे सुरू होईल. झालंच थोडं. पण ती थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे मी नीट धुत नव्हते म्हणून नाही ना?" आणि मग खूप वेळ रडली, ते रडणं वेगळं होतं.

माझा अंदाज म्हणजे निदान नव्हे, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो आणि दोन्ही फायली दिल्या. त्यांनी सगळं तपासून रक्ताच्या पांढऱ्या पेशींमधली स्टेरॉइड सल्फटेजची टेस्ट आणि क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे (क्रोमोसोमचा एखादा तुकडा गायब आहे का ते दाखवणारी टेस्ट) सांगितला. बायोप्सी केली नाही, आणि ते पटण्यासारखं होतं, कारण मायक्रोस्कोपखाली इथे फक्त साचलेला जाड थर दिसतो, कारण दिसत नाही. एन्झाइम जवळजवळ शून्य आलं आणि मायक्रोअ‍ॅरेत त्या जागेचा तुकडाच गायब होता. साधारण 90 टक्के पेशंटमध्ये असंच असतं, जीनमध्ये बारीक चूक नसते तर अख्खा जीनच उडालेला असतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे डीएनएचे पट्टे आहेत आणि जोडणी होताना ते एकमेकांशी चुकीचे जुळतात.

एक जुनी टेस्ट इथे सांगावीशी वाटते. कोलेस्टेरॉल सल्फेट रक्तातही वाढतं आणि एलडीएलच्या, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, कणांवर बसून जातं, सल्फेटचा ऋण भार चढल्यामुळे ते कण इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या ओढीनं कण पट्टीवर पळवायची पद्धत) नॉर्मलपेक्षा पुढे धावतात. कातडीचा आजार रक्ताच्या पट्टीवर डोळ्यांना दिसतो. आम्हाला गरज पडली नाही, पण वर्गात मी आता ही गोष्ट आवर्जून सांगतो.

तुकडा किती मोठा उडालाय हे बघणं महत्त्वाचं असतं, कारण शेजारचे जीन्स गेले तर वास न येणं, पौगंडावस्था न येणं असले प्रश्न येऊ शकतात. भाच्याचा तुकडा नेहमीच्याच आकाराचा निघाला. तरी मॅडमनी अंडकोष खाली उतरलेत का ते तपासलं (होते), डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं कारण कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बारीक ठिपके येऊ शकतात, त्यानं नजरेला काही होत नाही पण नोंद असावी, आणि अभ्यासातली एकाग्रता कशी आहे ते विचारलं, कारण या मुलांमध्ये एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, जरा जास्त आढळतो.

उपचारात पहिली गोष्ट घासणं बंद. हे मी बहिणीला परत परत सांगितलं. साबणातलं सर्फॅक्टंट (तेलकटपणा सोडवणारा घटक) फटीतलं कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडं ओढून नेतं, म्हणजे ज्याचा आधीच तुटवडा तेच आपण रोज दोनदा धुऊन टाकत होतो, आणि साबणाच्या अल्कलीनं पीएच वर गेला की सिरामाइड बनवणारी एन्झाइमं मंदावतात. कापडानं घासून रिव्हेट तुटत नाहीत, कातडी फाटते. त्यामुळे आता अंघोळ एकदाच, कोमट पाणी, सौम्य क्लेन्झर फक्त गरजेच्या जागी, आणि अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम.

क्रीम दोन. पायांना युरियाचं, कारण युरिया पाणी धरून ठेवतो आणि साचलेला थर सैल करतो. भेगा असतील तिथे ते झोंबतं, म्हणून मानेची साल निघालेली जागा भरून येईपर्यंत तिथे लावलं नाही. बाकी सगळीकडे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड तिन्ही असलेलं क्रीम. तिन्हींवर माझा भर होता, कारण भिंत मुद्दाम बिघडवून केलेल्या प्रयोगांमध्ये यातलं एकेकटं लिपिड लावलं तर दुरुस्ती उलट लांबते, तिन्ही एकत्र असले तर ती नीट चालते. या आजारात कोलेस्टेरॉलचं क्रीम लावून सुधारणा झाल्याची नोंद 1983 पासूनची आहे आणि वरचं सगळं गणित बघितलं तर ते पटतंही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड मॅडमनी टाळलं, मुलांमध्ये मोठ्या भागावर लावलं तर ते शरीरात शोषलं जातं आणि त्याची विषबाधा होऊ शकते.

पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही, आणि बहीण खचायला लागली. मी तिला दोन आठवड्यांचा हिशोब सांगितला, थर खालून वर यायला तेवढा वेळ लागतोच. तिसऱ्या आठवड्यात मान मऊ लागायला लागली, दोन महिन्यांनी मान जवळपास स्वच्छ, पोटऱ्यांवर खवले आहेत पण पातळ आणि फिकट. परीक्षेच्या गडबडीत दहा-बारा दिवस क्रीम सुटलं तर परत जाड झाले. हे असंच राहणार, क्रीमनं एन्झाइम परत येत नाही, कोलेस्टेरॉल सल्फेट तिथेच आहे. आपण त्याच्या परिणामांशी रोज थोडं थोडं भांडतोय.

शाळेसाठी मॅडमनी चार ओळी लिहून दिल्या, की हा संसर्ग नाही, अस्वच्छता नाही, जन्मजात आहे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी बहिणीला फोन करून माफी मागितली, मनापासून मागितली. भाच्याला मी स्वतः समजावलं. तो म्हणाला, "मामा, म्हणजे माझी कातडी जुने थर सोडतच नाही?" म्हटलं, हो, तेवढंच. मग त्यानं अण्णांचा फोटो मागितला, आणि फोटोतल्या बाह्यांकडे बराच वेळ बघत बसला. हाफ पँट घालून खेळायला जातो आता.

भाचीची टेस्ट केलेली नाही. ती वाहक असायची शक्यता निम्मी, पण तिला स्वतःला त्रास काही होणार नाही, त्यामुळे करायची की नाही ते मोठी झाल्यावर तिनंच ठरवावं असं आमचं सगळ्यांचं मत पडलं. फक्त तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर बहिणीनं आपल्या हातानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: आजोबांना आणि भावाला एक्स-लिंक्ड इक्थिओसिस, गरोदरपणात मुलगा असला आणि एस्ट्रिऑल कमी आलं तर डॉक्टरांना हे आधी सांगणे, कळा लांबू शकतात.